मोटारीची दुरुस्ती आणि विमा कंपनीचे मौन

(मोटारमालक व वाहनचालकांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)

रस्त्यावरील अपघाताचा विषय निघाला की प्रथम डोळ्यांसमोर येते ती मनुष्यहानी, आणि ते योग्यच आहे. गेलेला जीव परत येत नाही. मोडलेली मोटार मात्र दुरुस्त होऊ शकते. परंतु ज्या अपघातात सुदैवाने कोणाला इजा होत नाही, फक्त वाहनाची मोडतोड होते, त्या अपघाताची दखल पुरेशी घेतली जात नाही. 'जीव वाचला ना, मग झाले' असे म्हणून चारचौघे निघून जातात. मागे उरतो तो मोडक्या मोटारीचा मालक आणि त्याच्या हातातील दुरुस्तीचा अंदाज. चूक दुसऱ्याची, त्या दुसऱ्याच्या वाहनाचा विमाही उतरवलेला, तरीही खर्च मात्र निरपराध माणसाच्या खिशातून, असा अनुभव अनेकांना येतो. या परिस्थितीत कायद्याने नागरिकाच्या हाती कोणती साधने दिली आहेत आणि त्यांचा उपयोग कोणत्या क्रमाने करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

एका शिक्षकाचे उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. कऱ्हाड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत एक गुरुजी आहेत. त्यांच्याकडे नऊ वर्षांची जुनी मोटार आहे. शाळा घरापासून चौदा किलोमीटरवर. शिवाय वृद्ध आईला दर आठवड्याला उपचारांसाठी कऱ्हाडच्या रुग्णालयात न्यावे लागते. मोटार जुनी झाल्यामुळे त्यांनी तिचा फक्त सक्तीचा, म्हणजे तृतीय पक्षाच्या जोखमीचा विमा उतरवला आहे. सर्वसमावेशक विम्याचा जास्तीचा हप्ता त्यांनी वाचवला.

एके दिवशी कोल्हापूरहून परतताना, पुणे-बंगळूर महामार्गावर पेठ नाक्याजवळ पुढची वाहने थांबली म्हणून गुरुजींनीही मोटार थांबवली. मागून भरधाव आलेला मालवाहू टेम्पो मोटारीवर आदळला. डिकी आत गेली, मागची काच फुटली, दोन्ही दिवे गेले, मागचा भाग वाकला. इजा कोणालाच झाली नाही. टेम्पोचा चालक नम्र होता. तो म्हणाला, "गुरुजी, चूक माझीच. गाडीला विमा आहे, मालक सगळं भरून देतील." गुरुजींनी विश्वास ठेवला, मोबाइल क्रमांक घेतला आणि मोटार ओढून कऱ्हाडच्या गॅरेजमध्ये आणली. मिस्त्रींनी दुरुस्तीचा अंदाज काढला : ७२,००० रुपये.

पुढील दोन महिने कसे गेले हे सांगण्याची फारशी गरज नाही. टेम्पोच्या मालकाने प्रथम "बघतो" म्हटले, नंतर फोन उचलणे बंद केले. टेम्पोच्या विमा कंपनीच्या कोल्हापूर शाखेत गुरुजी तीन वेळा गेले. पहिल्या वेळी साहेब रजेवर होते. दुसऱ्या वेळी अर्ज ठेवून घेतला, पण पोच दिली नाही. तिसऱ्या वेळी खिडकीवरील कारकुनाने स्पष्ट सांगितले, "तुमची पॉलिसी आमच्याकडे नाही. आम्ही तुम्हाला काय देणार?" इकडे मिस्त्री रोज विचारत, "गुरुजी, गाडी किती दिवस ठेवायची? जागा अडून राहिलीय." आईला रुग्णालयात नेण्यासाठी दर आठवड्याला रिक्षा करावी लागत होती.

कारकुनाचे ते वाक्य ऐकून बहुतेक माणसे घरी परततात. ते वाक्य अर्धे खरे आहे, म्हणूनच ते फसवे आहे. त्यातील खरा भाग कोणता आणि खोटा कोणता, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

सक्तीचा विमा कोणासाठी?

विम्याच्या करारात दोन पक्ष असतात : विमा कंपनी आणि वाहनाचा मालक. त्या दोघांखेरीज जो कोणी, तो तृतीय पक्ष. मोटार वाहन कायद्याने विमा सक्तीचा केला तो मालकाच्या सोयीसाठी नव्हे, तर या तृतीय पक्षाच्या संरक्षणासाठी. रस्त्यावर वाहन आणणाऱ्याने आपल्या चुकीची भरपाई करण्याची तजवीज आधीच करून ठेवावी, हे त्यामागील तत्त्व आहे.

आपल्या देशात हे तत्त्व १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने आले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने झाली. मात्र आरंभी या न्यायाधिकरणापुढे मृत्यू आणि शारीरिक इजा यांचेच दावे चालत. मालमत्तेच्या नुकसानीचे दावे तेथे नेण्याची सोय १९६९ च्या दुरुस्तीने झाली. जुन्या कायद्याची जागा १९८८ च्या कायद्याने घेतली आणि तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम १६५ मध्ये तृतीय पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कलम १६६ प्रमाणे नुकसान झालेल्या मालमत्तेच्या मालकाला स्वतः अर्ज करता येतो. मोटार ही मालमत्ताच होय. तेव्हा गुरुजींची पॉलिसी त्या कंपनीकडे नाही हे खरे; पण म्हणून कंपनीवर त्यांची काहीच जबाबदारी नाही, हे खरे नाही.

मौनाची कारणे

विमा कंपनी गप्प का राहते, हेही समजून घेणे हिताचे आहे. कारण राग येऊन काही साध्य होत नाही, कारण कळले की मार्ग दिसतो.

पहिले कारण असे की, तृतीय पक्षाच्या दाव्यात कंपनीची जबाबदारी तिच्या विमेदाराच्या जबाबदारीवर अवलंबून असते. चूक टेम्पोचालकाची होती हे ठरल्याखेरीज कंपनीला पैसे देणे भाग नसते, आणि ते ठरवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. दुसरे कारण असे की, टेम्पोच्या मालकाने आपल्या कंपनीला अपघात कळवलेलाच नसतो. वास्तविक कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघाताची माहिती विमा कंपनीला लेखी देणे चालकाचे कर्तव्य आहे. परंतु पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळणार नाही या धास्तीने किंवा केवळ आळसाने ते टाळले जाते. तिसरे कारण म्हणजे, दोन्ही वाहने विमा उतरवलेली असली तर प्रत्येक कंपनीने आपल्याच विमेदाराचे नुकसान सोसावे, अशी समजूत कंपन्यांनी आपसांत करून ठेवलेली असते. त्यामुळे 'तुम्ही तुमच्या कंपनीकडे जा' असे उत्तर मिळते. ती समजूत कंपन्यांपुरती आहे, तिने नागरिकाचा कायदेशीर हक्क नष्ट होत नाही. आणि ज्याच्याकडे गुरुजींप्रमाणे केवळ तृतीय पक्षाचा विमा आहे, त्याला तर स्वतःच्या कंपनीकडून मोटारीच्या दुरुस्तीचा एक रुपयाही मिळत नाही.

पहिल्या दिवसाची कामे

भरपाईच्या दाव्याचा पाया अपघाताच्या जागेवरच घातला जातो. तेथे झालेली हयगय पुढे वर्षभर भोवते.

वाहने हलवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत : दोन्ही वाहनांचे नोंदणी क्रमांक, धडकेची जागा, रस्त्यावरील टायरच्या खुणा, आजूबाजूची ओळखीची खूण. चालकाचे नाव, परवाना आणि विम्याचे प्रमाणपत्र पाहून त्यांचेही छायाचित्र घ्यावे. थांबलेल्या एखाद्या सज्जनाचे नाव व पत्ता घ्यावा. साक्षीदार नंतर शोधून सापडत नाही. त्यानंतर पोलीस ठाण्यात लेखी खबर द्यावी. फक्त मालमत्तेचे नुकसान असले तरी ठाण्यातील नोंदीची प्रत मागून घ्यावी आणि शक्य तेथे घटनास्थळाचा व वाहनाचा पंचनामा व्हावा, असा आग्रह धरावा. 'आपसांत मिटवू' या शब्दावर पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे टाळणे ही गुरुजींची पहिली चूक होती. आपसांत मिटवायला हरकत नाही. मात्र नोंद आधी, समेट नंतर.

समोरच्या वाहनाचा विमा कोणत्या कंपनीचा आहे हे कळले नाही तरी अडून राहू नये. नोंदणी क्रमांकावरून केंद्र शासनाच्या 'वाहन' या संगणकीय नोंदीत विमा कंपनीचे नाव पाहता येते. शिवाय कलम १६० प्रमाणे, भरपाई मागू इच्छिणाऱ्याला अपघातातील वाहनाचा तपशील विहित फी घेऊन देणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे व पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे.

तोंडी नको, लेखी हवे

दुसरी पायरी पत्राची. गुरुजी तीन वेळा शाखेत गेले, परंतु त्या तीन खेपांचा एकही पुरावा त्यांच्याजवळ राहिला नाही. कार्यालयाच्या लेखी जे कागदावर नाही ते घडलेलेच नसते.

म्हणून चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांच्याही नावे एकच मागणीपत्र लिहावे. त्यात अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही वाहनांचे क्रमांक, ठाऊक असल्यास पॉलिसीचा क्रमांक, अपघात कसा घडला याचे चार ओळींत वर्णन, दुरुस्तीचा अंदाज आणि मागणीची रक्कम द्यावी. छायाचित्रे व पोलिसांच्या नोंदीची प्रत जोडावी. पत्र पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टने पाठवावे आणि त्याचबरोबर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलनेही कळवावे.

या पत्रात एक वाक्य विसरू नये : 'मोटार अमुक गॅरेजमध्ये अमुक तारखेपर्यंत पाहणीसाठी ठेवली आहे, आपल्या सर्वेक्षकाने त्यापूर्वी पाहणी करावी, अन्यथा दुरुस्ती सुरू करण्यात येईल.' पंधरा दिवसांची मुदत वाजवी ठरते. कंपनीने पाहणी केली तर उत्तमच. न केल्यास, पाहण्याची संधी मिळाली नाही अशी तक्रार पुढे करायला तिला जागा राहत नाही. अशा वेळी दावेदाराने स्वतः परवानाधारक सर्वेक्षकाकडून नुकसानीचा अहवाल करून घ्यावा. त्याची फी द्यावी लागते, पण तो अहवाल त्रयस्थ व्यक्तीचा म्हणून अधिक वजनदार ठरतो. दुरुस्ती झाल्यावर बदललेले मोठे भाग फेकून न देता काही काळ जपून ठेवावेत आणि प्रत्येक भागाचे व मजुरीचे स्वतंत्र बिल घ्यावे.

या पत्राला आणखी एक महत्त्व आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १४९ प्रमाणे, अपघाताची माहिती दावेदाराकडून वा अन्य मार्गाने मिळाल्यावर विमा कंपनीने दावा मिटवण्यासाठी अधिकारी नेमायचा आहे आणि तडजोडीच्या प्रस्तावासाठी तीस दिवसांचा कालावधी ठेवण्यात आला आहे. प्रस्ताव दावेदाराने स्वीकारला की न्यायाधिकरण तशी नोंद करते आणि नोंद मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत कंपनीने रक्कम द्यावयाची असते. पत्राची पोच ही त्या तीस दिवसांची साक्ष होय.

स्वतःचा सर्वसमावेशक विमा असेल तर

ज्यांच्याकडे सर्वसमावेशक विमा आहे त्यांना अधिक जवळचा मार्ग उपलब्ध आहे. चूक कोणाचीही असो, स्वतःच्या कंपनीकडून दुरुस्ती करून घेता येते, आणि मग ती कंपनी दावेदाराच्या जागी उभी राहून दोषी पक्षाकडून वसुली करू शकते. मोटारीवाचून ज्याचे रोजचे काम अडते त्याने हा मार्ग प्रथम पाहावा. मात्र त्यात काही रक्कम पदरची जाते. १५०० सी.सी. पर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये व त्यावरील मोटारीला २,००० रुपये सक्तीची वजावट, रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी अशा भागांवर निम्मा घसारा आणि पुढील वर्षाच्या दावारहित सवलतीचा लोप, ही ती झळ होय. सवलत पन्नास टक्क्यांपर्यंत चढलेली असेल तर लहान दुरुस्तीसाठी ती गमावणे परवडते का, याचा हिशेब आधी मांडावा.

स्वतःच्या कंपनीने दिलेली रक्कम दोषी पक्षाकडून दुसऱ्यांदा मागता येत नाही. न मिळालेल्या भागाची मागणी मात्र पुराव्यासह मांडता येते. म्हणून पैसे घेताना भरपाईच्या पावतीवर काय छापले आहे ते वाचूनच सही करावी.

न्यायाधिकरणाचा मार्ग

पत्रांना उत्तर आले नाही तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हाच खरा दरवाजा आहे. कोठे अर्ज करावा, याबाबत कायदा दावेदाराच्या बाजूने उदार आहे. अपघात घडला तेथे, दावेदार राहतो वा व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिवादी राहतो तेथे, यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. गुरुजींचा अपघात सांगली जिल्ह्यात झाला, टेम्पोचा मालक कोल्हापूरचा, पण त्यांना या दोन्ही ठिकाणी खेटे घालण्याची गरज नव्हती. ते राहतात त्या सातारा जिल्ह्यातील न्यायाधिकरणात त्यांना अर्ज करता येत होता.

अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने घालण्यात आली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीच्या तरतुदीवर न्यायालयांत वाद उपस्थित झाले आहेत. तथापि वादाचा लाभ मिळेल या भरवशावर न राहता सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे हेच शहाणपणाचे. विमा कंपनीच्या उत्तराची वाट पाहण्यात ही मुदत सरून जाते, आणि मौनाचा सर्वांत मोठा तोटा तोच आहे. म्हणून पत्राला उत्तर येवो न येवो, चौथा महिना संपेपर्यंत कागदपत्रे वकिलाच्या हाती असावीत.

अर्जात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करावे. न्यायाधिकरणाची नोटीस निघाली की कंपनीला मौन परवडत नाही. कारण ती हजर न झाल्यास एकतर्फी निर्णय होऊ शकतो. चालकाकडे वैध परवाना नव्हता अशा प्रकारचा बचाव कंपनीने सिद्ध केला, तरीही तिने आधी दावेदाराला रक्कम द्यावी व मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश देता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ मधील एका महत्त्वाच्या निर्णयाने हे तत्त्व स्पष्ट केलेले आहे.

सिद्ध काय करावयाचे?

मालमत्तेच्या दाव्यात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा. दोन, नुकसानीची रक्कम. पहिल्यासाठी पोलिसांची नोंद, पंचनामा, छायाचित्रे आणि साक्षीदार उपयोगी पडतात. दोष दोघांचाही असल्याचे दिसले तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते.

दुसऱ्या बाबतीत अनेक दावे लंगडे पडतात. नुसते बिल दाखल केल्याने ते सिद्ध होत नाही. कंपनीने हरकत घेतल्यास बिल देणारा गॅरेजमालक वा सर्वेक्षक साक्षीला यावा लागतो. म्हणून दुरुस्ती अशा ठिकाणी करावी की जेथील माणूस साक्षीला येण्यास कचरणार नाही. मोटार बंद असताना करावा लागलेला प्रवासखर्चही मागता येतो, परंतु पावत्या हव्यात. गुरुजींनी आईच्या उपचारांसाठी रिक्षावर सहा हजार रुपयांच्या आसपास खर्च केला. पावत्या मात्र ४,२०० रुपयांच्याच निघाल्या. जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसला म्हणजे मोटारीचे मूल्य काहीसे वाढले, असा युक्तिवाद होतो आणि त्यापोटी काही रक्कम वजा होऊ शकते, हेही मनाशी धरून चालावे.

पॉलिसीतील मर्यादा

येथे एका बारीक अक्षरातील कलमाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मृत्यू वा इजेच्या दाव्याप्रमाणे मालमत्तेच्या नुकसानीबाबत कंपनीची जबाबदारी अमर्याद नसते. प्रचलित पॉलिसीत खाजगी मोटारी व व्यापारी वाहने यांच्यासाठी ती साधारणतः ७ लाख ५० हजार रुपये आणि दुचाकीसाठी १ लाख रुपये असते. परंतु हप्त्यात थोडी सूट मिळावी म्हणून काही मालक ही मर्यादा अवघ्या ६,००० रुपयांवर आणून ठेवतात. मग कंपनीकडून सहा हजारच मिळतात आणि उरलेली रक्कम मालकाला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. यास्तव दावेदाराने समोरच्या पॉलिसीची प्रत मागवून ही ओळ प्रथम वाचावी. आणि प्रत्येक वाहनमालकाने स्वतःची पॉलिसीही आजच काढून पाहावी; कारण उद्या चूक आपल्या हातून झाली तर शंभरेक रुपयांची ती बचत लाखाला महाग पडेल.

समोरच्या वाहनाचा विमाच नसेल तर दावा चालक व मालक यांच्यावर चालतो. विम्याशिवाय वाहन चालवणे हा गुन्हाच असून पहिल्या वेळी २,००० रुपये व नंतर ४,००० रुपये दंड, तसेच तीन महिन्यांपर्यंत कारावास, अशी शिक्षेची तरतूद आहे. मात्र दंड शासनाकडे जमा होतो; त्यातून मोटार दुरुस्त होत नाही. काही शासकीय वाहने व परिवहन उपक्रम यांना स्वतंत्र निधी ठेवण्याच्या अटीवर विम्यातून सूट देता येते. तेथे तो उपक्रमच थेट जबाबदार असतो.

न उघडणारे दरवाजे

चुकीच्या दारावर थापा मारण्यात सहा महिन्यांतील मोलाचे दिवस जातात. विमा लोकपालांची कार्यालये मुंबई, पुणे येथे आहेत आणि त्यांचे काम मोफत चालते. परंतु तेथे विमेदाराला आपल्या स्वतःच्या कंपनीविरुद्ध तक्रार करता येते. दुसऱ्याच्या कंपनीविरुद्ध तृतीय पक्षाचा दावा तेथे चालत नाही. ग्राहक मंचाचेही तसेच. मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे ग्राहक मंचाच्या अधिकारात येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. स्वतःच्या सर्वसमावेशक पॉलिसीवरील दावा स्वतःचीच कंपनी रखडवत असेल, तर मात्र हे दोन्ही दरवाजे खुले आहेत.

विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' या व्यवस्थेत किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. प्राधिकरण भरपाईचा निवाडा करीत नाही. परंतु हलत नसलेली फाइल हलण्यास अशा तक्रारीची मदत होऊ शकते. न्यायाधिकरणाच्या अर्जाला पर्याय म्हणून मात्र तिच्याकडे पाहू नये.

लोकअदालत

दुरुस्तीच्या दाव्याची रक्कम बहुधा लहान असते आणि लहान रकमेसाठी दीर्घ लढत परवडत नाही. अशा दाव्यांसाठी लोकअदालत हे उत्तम स्थान आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ दिले आहे आणि त्यावर अपील होत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केल्यास प्रकरण तेथे ठेवता येते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्नाचे नागरिक यांना वकिलाचे साहाय्यही मोफत मिळते.

निवाडा होऊनही कंपनीने पैसे दिले नाहीत तर? त्याचीही तजवीज आहे. न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम तीस दिवसांत भरावी लागते. अर्जाच्या तारखेपासून साधे व्याज देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. ६०,००० रुपयांवर सात टक्के दराने दीड वर्षाचे व्याज ६,३०० रुपये होते, हे कंपनीच्या अधिकाऱ्यालाही कळते. तरीही रक्कम न आल्यास कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याकडे वसुलीचा दाखला जातो आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. वादातील रक्कम एक लाख रुपयांहून कमी असेल तर न्यायाधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपील करता येत नाही, ही २०१९ ची दुरुस्ती सामान्य मोटारमालकाला विशेष उपकारक आहे. साध्या दुरुस्तीचे कितीतरी दावे या मर्यादेच्या आतच बसतात.

गुरुजींचे पुढे काय झाले?

आपल्या उदाहरणातील गुरुजींना तिसऱ्या महिन्यात एका माजी विद्यार्थ्याने, जो आता वकिली करतो, योग्य मार्ग दाखवला. पोलीस ठाण्यात उशिराने का होईना, लेखी खबर दिली गेली. त्याच संध्याकाळी घेतलेली चार छायाचित्रे मोबाइलमध्ये होती, ती उपयोगी पडली. तिघांना पत्रे गेली. पंधरा दिवस पाहणीला कोणी आले नाही, तेव्हा सर्वेक्षकाचा अहवाल घेऊन दुरुस्ती करण्यात आली. पतपेढीचे कर्ज काढून ६८,४०० रुपयांचे बिल त्यांनी भरले आणि पाचव्या महिन्यात न्यायाधिकरणात ७२,६०० रुपयांचा अर्ज दाखल झाला. नोटीस पोहोचताच तीच कंपनी वकिलामार्फत हजर झाली. मिस्त्री साक्षीला तयार होते. सव्वा वर्षानंतर लोकअदालतीत कंपनीने ६३,००० रुपये देऊ केले. ते घ्यावेत की नाही, यावर गुरुजी रात्रभर विचार करीत होते. मागितलेले सगळे मिळत नव्हते आणि कर्जाचे व्याज चालू होते. अखेर त्यांनी ते स्वीकारले. संपूर्ण न्याय झाला असे म्हणता येणार नाही. पण चुकीचा भार ज्याचा होता त्याच्याकडे बहुतांशी परत गेला. पहिल्याच दिवशी खबर दिली असती आणि पहिल्याच आठवड्यात पत्र टाकले असते, तर यातील बरेच महिने आणि बऱ्याच चकरा वाचल्या असत्या.

बंधुभगिनींनो, कायदा हा जागरूकाचा मित्र आहे. विमा कंपनीचे मौन हा नकार नव्हे आणि तो निकालही नव्हे. ते केवळ मौन आहे, आणि त्याला उत्तर आहे ते पोच असलेले पत्र, मुदतीतील अर्ज आणि जपून ठेवलेली पावती. त्याचबरोबर प्रत्येक वाहनमालकाने हेही स्मरणात ठेवावे की, रस्त्यावर तो कधी गुरुजींच्या जागी असतो, तर कधी टेम्पोमालकाच्या. चूक आपली असेल तेव्हा ती आपल्या कंपनीला त्वरित कळवणे आणि समोरच्याला आपल्या पॉलिसीची प्रत देणे, हा साधा नागरिकधर्म आहे. तो पाळला गेला तर कितीतरी दावे न्यायाधिकरणाच्या पायरीपर्यंत जाणारच नाहीत, आणि कोणा वृद्ध आईला रुग्णालयात जाण्यासाठी मुलाच्या मोटारीची वर्षभर वाट पाहावी लागणार नाही.